हे कापड कोणाचं?

प्रिय हिराआत्या,

आमच्या सरांनी ब्लॉगची शेवटची नोंद मागितली आहे. विषय, 'ब्लॉग लिहिताना मी काय शिकले'. सकाळपासून तुझ्या दुकानाच्या पायरीवर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलेय. 'व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्याने' एवढं लिहिलं आणि खोडलं. तू असतीस तर म्हणाली असतीस, "कोन ह्यो विद्यार्थी? मी वळखते का त्याला?" म्हणून म्हटलं, सर थांबतील. आधी तुलाच लिहावं.

आठवतं, तुला ब्लॉग म्हणजे काय ते सांगताना माझी किती दमछाक झाली? आहुप्याहून मी तुझ्याकडे घोडेगावला राहायला आले होते. सकाळी एसटीने जुन्नरला कॉलेज, संध्याकाळी तुझ्या दुकानात ब्लाऊजना हुक लावत गप्पा. "इंटरनेटवरची वही असते गं, कुणीही वाचू शकतं," मी म्हटलं. तू मशीन थांबवलंस. "कुनीपन? मंग जरा नीट लिव बाई!"

माझी पहिली नोंद तुला वाचून दाखवली. 'नियोजन म्हणजे उद्दिष्टे निश्चित करून...' आणि तू जांभई दिलीस. तोंडात टाचण्या धरून जांभई देणारी दुसरी बाई मी अजून पाहिलेली नाही!

"लई अवघड हाय. ह्ये तुला कुनी शिकवलं?"

"सरांनी."

"मंग त्यांचंच त्यांनला परत काय सांगतीस?"

मला राग आला. पण दुसऱ्या आठवड्यात मी काय लिहिलं? तुझ्यावर लिहिलं! घोडेगावात ब्लाऊज शिवायला टाकला की तो कधी मिळतो, यावर. गिऱ्हाईक आलं की तू 'उद्या ये' म्हणायचीस, उद्या आलं की परवा. कापड कोणाचं, कधी द्यायचं, सगळं तुझ्या डोक्यात. कागदाचा कपटासुद्धा नाही. वेळेचं व्यवस्थापन कसं नसावं, याचं इतकं चांगलं उदाहरण मला पुस्तकात सापडलं नव्हतं.

मला वाटलं होतं, सर वाचतील आणि मार्क देतील. पण बाजारपेठेतल्या पारसशेठच्या कापड दुकानात ते आधी पोचलं. शेठ गल्ल्यावर बसून गिऱ्हाइकांना मोठ्याने वाचून दाखवत होते म्हणे! संध्याकाळपर्यंत जी बाई दुकानात येईल ती हसत विचारी, "काय हिराबाई, उद्या येऊ का?"

आणि तू माझ्याशी बोलणं टाकलंस. दुकानामागच्या घरात आपण दोघीच, तरी तू भिंतीला सांगायचीस, "त्या ब्लॉगवालीला म्हनावं, भाकरी झाकून ठेवलीय." किती हसू येत होतं मला! आणि हसायची चोरी.

मग एका संध्याकाळी तू माझ्यासमोर स्टूल ओढून बसलीस. "आता माजी बाजू लिव." आणि तू सांगत गेलीस. बाया कापड टाकून जातात आणि मापाचा ब्लाऊज द्यायला महिना लावतात. लग्न तोंडावर आलं की मगच पळत येतात. "न्हाई म्हनलं की तोंड बारीक करत्यात. मला कुनाचं बारीक तोंड बघवत न्हाई, म्हनून मी उद्या म्हनते. बस. टाक ह्ये."

मी शब्द न बदलता टाकलं. माझ्या ब्लॉगवर सगळ्यात जास्त वाचलं गेलं ते तेच! सरांनी खाली लिहिलं, 'दोन्ही बाजू आल्या, छान.' तू त्याचा अर्थ काढलास की सरांना तुझीच बाजू पटली. नव्हती गं पटली! आणि खरं सांगू? मलाही अजून पटलेली नाही. एखादी चिठ्ठी तरी टाचायची होतीस ना कापडाला!

कारण तुळशीची लग्नं लागली, लग्नसराईची कापडं येऊन पडली, आणि एका पहाटे तू झोपेतच गेलीस. कुणाला काही न सांगता.

आहुप्याहून दादा आले. माझे वडील, तुझा पाठचा भाऊ, एरवी कधी दुकानात न बसणारा माणूस. फळीवरच्या ढिगाकडे बघत म्हणाले, "पूजे, ह्ये कुनाकुनाचं? जिला ठावं व्हतं ती गेली." बाया भेटायला येत, डोळे पुसत, फळीकडे एकदा बघत आणि निघून जात. अशा वेळी ब्लाऊजचं कसं विचारायचं? त्यात एका नवरीचंही कापड होतं, हे नंतर कळलं. लग्न आठवड्यावर आलेलं आणि घरचे संकोचून गप्प. आम्हाला तेव्हा यातलं काहीच माहीत नव्हतं.

मला दुसरं काही सुचलं नाही. एकेक कापड दारातल्या उजेडात धरून फोटो काढले आणि ब्लॉगवर टाकले. वर लिहिलं, 'हे कापड कोणाचं? न लाजता या. आत्याला आवडलं असतं.'

सगळ्यात आधी कोण आलं असेल? पारसशेठ! चष्मा पुसत म्हणाले, "पूजाबेटा, हा मोरपंखी काठ माझ्याच दुकानातला. सोनालीच्या आईने नेलाय, पोरीच्या लग्नाचा. थांब, फोन लावतो."

मग पायरीवर ही गर्दी! कुणी म्हणाली, "मला तर लई येळा उद्या म्हनली." दुसरी म्हणाली, "तुझं काय घिऊन बसलीस! माझा दसऱ्याचा ब्लाऊज तिनं संक्रांतीला दिला, आन वर तीळगूळ दिला!" तू गेल्यापासून त्या घरात पहिल्यांदा कुणी हसलं. दादाही हसले. मग टॉवेल तोंडाला लावून बराच वेळ मागे चुलीपाशी जाऊन बसले.

सोनालीचा ब्लाऊज पलीकडच्या आळीतल्या मंगलकाकूंनी शिवला. हो, त्याच, ज्यांच्या शिलाईला तू सुतळी म्हणायचीस! तुझ्याच मशीनवर बसून त्या म्हणाल्या, "हिराच्या हातची सर न्हाई, पन नवरीचं काम अडायचं न्हाई." हुक मी लावले. हळदीच्या आदल्या दिवशी तो घरी पोचला. एक खांदा किंचित सैल झाला, पण पदराखाली कुणाला दिसतोय? दोन कापडं अजून फळीवर आहेत. येईल कुणीतरी.

परवा दादांनी विचारलं, "आता ब्लॉग बंद का?" म्हटलं, "मार्क मिळाले की संपलं." तर म्हणाले, "आसं कसं? आमच्या आहुप्याचं तर काय लिवलंच न्हाई तू. ये रविवारी. देवराईत हिंडू. पन माजा फोटो टोपी घालून काढ!"

तर आत्या, तुला शब्द देते. ब्लॉग बंद करणार नाही. आणि ज्याच्यावर लिहीन, त्याच्यासमोर स्टूल ओढून बसेन, आधी त्यालाच वाचून दाखवीन. तो भांडला तर भांडू दे. त्याचं भांडणही माझ्या लिहिण्याशेजारी टाकीन, एकही शब्द न बदलता. रविवारी सुरुवात दादांपासून. ते तुझेच भाऊ, सहज मान्य करतील असं वाटत नाही. बघू कोण जिंकतं!

तुझी भाची,
पूजा