मामाचा हलका हात

प्रिय मयूर,

तुझा उजवा हात प्लॅस्टरमध्ये आहे, तेव्हा हे पत्र तू डाव्या हातात धरून वाचशील. फोनवर बोलायला लागले की मी ओरडेन, म्हणून लिहिते आहे. शेजारच्या शेवंतीकाकू काल हॉस्पिटलमधून येऊन सांगत होत्या की तुझी दोन बोटं कायमची वाकडी राहतील. ऐकून मला वाईट वाटलं की बरं, हे मी स्वतःशी नीट तपासून पाहिलं. दोन्ही वाटलं. बरं आधी वाटलं.

जानेवारीतली गोष्ट आठवते? नाक्यावरच्या एका पोराने हर्षितला ‘ए हाफ तिकीट’ म्हटलं आणि तू त्याची मान धरून डोकं दुकानाच्या शटरवर आपटलंस, दात पडेपर्यंत. हर्षित घरी आला तो डोळे चमकवतच, आई, मामाने काय धुतला ना त्याला! मी तुला माणसात राहायचं असेल तर नीट राहा म्हणून झापलं आणि स्वयंपाकघरात जाऊन तुझ्यासाठी जास्तीचं तूप घालून शिरा केला. चौदा वर्षांचा मुलगा नऊचा दिसतो, शाळेच्या फोटोत त्याला धाकट्या वर्गाचा समजून पुढे बसवतात, आणि त्याच्यासाठी कुणीतरी रक्त काढलं, याचा मला आनंद झाला होता. त्या पोराच्या आईचा विचार मी आज प्रथमच करते आहे.

ठाण्याच्या डॉक्टरांनी त्याच्या डाव्या मनगटाचा एक्स-रे दिव्यासमोर धरून दाखवला, तेव्हा तू माझ्या शेजारीच होतास. याच्या शरीरात वाढीचं संप्रेरक जवळजवळ तयारच होत नाही, पण हाडांची टोकं अजून उघडी आहेत. ती बंद होईपर्यंत रोज इंजेक्शन दिलं तर हा बऱ्यापैकी उंच होईल, असं ते म्हणाले. मी बाहेर येऊन रडले. घरी मात्र सुई हातात धरली की माझा हात थरथरायचा आणि तुझे भावोजी तर तोंडच फिरवायचे. तूच म्हणालास, आण इकडे ताई, जिममध्ये आम्ही हेच करतो दिवसभर. तुझा हात इतका हलका, की हर्षित तुला क्रिकेटचं काहीतरी सांगत असायचा आणि सुई कधी गेली ते त्याला कळायचंही नाही. असा भाऊ मिळाला म्हणून मी मनोमन हात जोडायचे.

दाराच्या चौकटीवरची त्याच्या उंचीची रेघ पुढे सरकेना. तू मात्र फुगत गेलास. आईची अंगठी तुझ्या बोटात इतकी रुतली की सोनाराकडे जाऊन कापावी लागली. बोटांना मुंग्या येतात म्हणायचास, हातातून कप पडायचा. साध्या बोलण्यावरून बाथरूमचं दार बुक्क्यांनी फोडलंस. हंडीची प्रॅक्टिस चाललीय, तळाच्या थराला उभा राहतो, अंग दुखणारच, असं मीच तुझ्या भावोजींना समजावत होते.

शुक्रवारी डॉक्टरांनी रक्ताचा रिपोर्ट पाहिला आणि विचारलं, औषध फ्रीजमध्ये ठेवता ना? मग देतं कोण? कारण ते मुलाच्या अंगात पोहोचतच नाहीये. मग त्यांनी सांगितलं की हल्ली जिममधली धडधाकट माणसं हेच औषध चोरून घेतात. ज्याला कमी आहे त्याला ते उभं करतं. ज्याला पुरेसं आहे त्याचे हात सुजतात, बोटं बधिर होतात, साखर वाढते, पुढे हृदयावरही जातं. अंगठ्या निघत नाहीत, असं ते म्हणाले, आणि मी खुर्चीतून उठलेच.

डोंबिवलीत उतरून मी थेट मैदानावर आले. तुमचे थर लागलेले होते. तू सगळ्यांत खाली, मान वाकवून. सगळ्यांत वर, नेहमीच्या जागी, हर्षित, एक हात उंच करून. मला त्या क्षणी तुझ्यावर धावून जायचं होतं. पण तू हललास तर तो पडला असता. म्हणून मी उभी राहिले. एकेक थर उतरेपर्यंत, ढोलाच्या आवाजात, दात आवळून.

हर्षित पलीकडे कमरेचा दोर सोडवत होता. मी तुला विचारलं. तू नाही म्हणाला नाहीस. हसत म्हणालास, अगं, सलाइनचं पाणीच देत होतो, विष नाही. तो वाढला तर वर कोण जाणार? चौदा पूर्ण, म्हणजे नियमात बसतो, आणि वजन एवढंसं, असा पोरगा अख्ख्या ठाणे जिल्ह्यात नाहीये. एवढी एक हंडी होऊ दे. त्याला कुठे पोलीस भरतीला जायचंय?

मंडपाचा लोखंडी पाइप तिथेच पडला होता. पहिला फटका रागाने बसला, कुठे ते मला आठवत नाही. तू गुडघ्यावर आलास आणि उजवा हात जमिनीवर टेकलास. तोच हात. दुसरा फटका मी बघून मारला. हाड मोडल्याचा आवाज ढोल थांबल्यावर आला, की आवाज आला म्हणून ढोल थांबले, सांगता येत नाही. तू मला एका हाताने चिरडू शकला असतास. तू हात उचलला नाहीस.

आणि हॉस्पिटलमध्ये तू थरावरून पडलो म्हणून सांगितलंस. अख्खं पथक तेच सांगतंय. तुझे भावोजी म्हणतात, मिटलं, आता गप्प बस. पण तू मला झाकायचंस आणि मी तुला, असा सौदा माझ्या मुलाच्या हाडांवर मी करणार नाही. ती टोकं बंद व्हायला आता किती वेळ उरलाय, ते डॉक्टरांनाही सांगता येत नाही. उद्या सकाळी मी पोलीस चौकीत जाऊन दोन्ही गोष्टी सांगणार आहे. तू केलंस ते, आणि मी केलं ते.

हर्षित माझ्याशी बोलत नाही. त्याने फक्त आईला मामाचा हात मोडताना पाहिलंय. आता इंजेक्शन मीच देते, थरथरत्या हाताने. या सगळ्या दिवसांत तो एकच वाक्य बोलला, मांडी चोळत: मामा द्यायचा तेव्हा असं चुरचुरायचं नाही. चौकीत मी बोलेन, मयूर. त्याला मात्र तू काय केलंस ते तूच सांगायचंस. एवढ्याचसाठी हे पत्र. संध्याकाळी त्याला तुझ्याकडे पाठवते. मी हॉस्पिटलच्या जिन्यात थांबेन, आत येणार नाही.

अजूनही तुझीच,
दर्शनाताई