घरच्या नळाचं पाणी

चापाला तळ्याकाठी, मेक्सिको
११ फेब्रुवारी

लारिसा बाळा,

तू पाठवलेले लोकरीचे मोजे पोचले. इथे दुपारी पंखा लावावा लागतो, पण असू देत, माझे पाय हल्ली गारच असतात. तिकडे मॅनिटोबात उणे तीस चालू आहे म्हणे. गाडीच्या बॅटरीकडे लक्ष ठेव गं.

इकडे सगळं तसंच. सकाळी पाणीवाला "आग्वाऽऽ" ओरडत येतो, भरलेले जार आत ठेवतो. स्वयंपाक त्यावर, दात घासणंही त्यावर. भाज्या औषधाचे थेंब टाकून भिजवते. पहिल्या वर्षीचं सांगितलं होतं ना तुला? कोशिंबिरीची पानं छान भिजवायची आणि मग 'स्वच्छ' व्हावीत म्हणून परत नळाखाली धरायची! घरकामाला येणारी चाबेला अजून हसते. म्हणते, "बाई, नळाचं आम्हीसुद्धा पीत नाही. फक्त तुमच्यासारखी त्यावर भाषणं देत नाही."

भाषणं तुझ्या बाबांची. कॅनडाहून कुणी नवं जोडपं राहायला आलं की हे हजर त्यांच्या दारात. बर्फ घेऊ नका, आंघोळ करताना तोंड मिटून ठेवा, एक ना दोन. लोक त्यांना नळमास्तर म्हणायचे.

म्हणायचे, असंच लिहून गेले बघ.

तू फोन केलास की मी सांगते, बाबा आंघोळीला गेलेत. मागे तू चिडून म्हणालीस, "आई, त्यांच्या अंगावर कातडं तरी उरलंय का?" मी हसले. ते माझ्या शेजारच्याच खुर्चीत बसले होते, कुणाचा फोन म्हणून विचारत होते. मी म्हटलं, लारिसाचा. तर म्हणाले, "कोण लारिसा?"

हे तुला फोनवर कसं सांगायचं, ते मला समजेना. म्हणून लिहिते आहे.

त्यांना वाटतं, आपण तिकडे कॅनडात, डॉफिनच्या आपल्या घरातच आहोत. तिथे जन्मभर नळाला ओंजळ लावून प्यायले, तसंच इथे प्यायला लागले. नाताळात आमांश झाला. तुला मी टर्की बाधली म्हणून थाप मारली. जानेवारीत पुन्हा झाला, सलाईन लावावं लागलं. डॉक्टर म्हणाले, "मूत्रपिंडं थकली आहेत. आता परत झालं तर माझ्या हातात काही नाही."

मग मी घरातल्या सगळ्या नळांच्या चाव्या काढून घेतल्या. जारचं पाणी पुढे केलं की म्हणतात, "विकतचं पाणी? मला काय खुळा समजलात?" आणि मोरीशी उभे राहून मला दम देतात, "ओ बाई, कुणाला विचारून पाणी तोडलंत? थांबा, माझ्या बायकोला येऊ दे."

मी म्हणते, बरं, येऊ दे.

मला रडू येत नाही. तू विचारशील म्हणून आधीच सांगते. दाढ काढायच्या आधी इंजेक्शन दिल्यावर गाल बधिर होतो ना, तशी आतून झालेय. जेवते, झोपते, चाबेलाच्या विनोदांना हसतेही.

मंगळवारी दुपारी मागच्या पायरीवर नुसतीच बसले होते. हे आले, हातात पाण्याचा ग्लास. म्हणाले, "वर्ना, दमलीस ना? घे. जरा वाहू दिलं, म्हणजे गार येतं."

बागेतला झाडांचा नळ. त्याची चावी काढायचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

माझं नाव त्यांनी किती महिन्यांनी घेतलं, आठवत नाही. मी विचारलं, "तुम्ही प्यालात?" तर म्हणाले, "आधी तू." पाणी जरा गढूळ होतं. ते माझ्या तोंडाकडे बघत उभे होते, लग्नाच्या वेळी बघायचे तसे. झाडात ओतलं असतं तरी चाललं असतं, मला कळत होतं ते.

मी प्याले. सगळा ग्लास.

"आणखी आणू?" म्हणाले. म्हटलं, पुरे, भागली तहान. मग ते आत गेल्यावर त्याही नळाची चावी काढली. कालपासून पोट बिघडून पडून आहे. काळजी करू नकोस, औषध चालू आहे, चाबेला दोघांचं बघते.

तू परत या, परत या म्हणून घसा कोरडा केलास आणि मी ताठ्याने म्हणत राहिले, आम्ही काय पांगळे आहोत? आता मीच म्हणते. तुझ्या तळघरातली खोली रिकामी असेल तर आम्हाला घेऊन जा. तू स्वतः ये, विमानात ते मला एकटीला आवरायचे नाहीत. तुला ओळखतील अशी आशा धरून मात्र येऊ नकोस.

त्यांना बरं करा, असं मी कुणालाच म्हणत नाही. मला फक्त असं घर हवंय, जिथे त्यांनी आणून दिलेलं पाणी मला पिता येईल.

लवकर ये गं.

तुझी,
आई