बाबांची मोटार

३ जानेवारी, सकाळ
ही वही माझ्याशिवाय कुणी वाचायची नाही. मला वाचता येत नाही, म्हणजे गुपित पक्कं. मी सांगते, सून विनार्सी लिहिते. ती शाळेत मास्तरीण होती. माझ्या बोलण्यातही शुद्धलेखनाच्या चुका काढते.
संकल्प : रुवाह महिना लागायच्या आत बाबांची कबर शोधायची. त्या महिन्यात जावातलं आमचं अख्खं सोलो शहर आपापल्या माणसांच्या कबरींवर फुलं वाहतं. मी पंचाऐंशीची झाले, माझी फुलं फक्त आईला.
काम सोपं आहे. मी तीन वर्षांची असताना बाबा मोटारीतून सुराबायाला गेले, ते गेलेच. मोटारीचा फोटो आहे. तेव्हा मोटारी होत्या किती? मोटार सापडली की बाबा सापडले.

४ जानेवारी
फोटो फेसबुकवर, ‘जुनं सोलो’ ग्रुपमध्ये. स्टिअरिंगवर बाबा, शेजारी आई, तिच्या मांडीवर मी. दुपारपर्यंत चारशे लाइक. ‘चेहरा बघा, मालकाचाच आहे,’ असं लिहायला सांगितलं. विनार्सी मला इबू म्हणते, म्हणजे आई. म्हणाली, इबू, मालक ड्रायव्हर ठेवतात. म्हटलं, तू भाताकडे बघ.

७ जानेवारी
दार्सोनो म्हणून ग्रुपवर मोटारींचा जाणकार आहे. म्हणतो, आजी, चाकांची सावली पडलेली नाही.
नसेल. डचांच्या वेळचं ऊन वेगळं होतं.

१० जानेवारी
आणखी तिघांनी तीच मोटार टाकली. नंबर तोच, मागचं नारळाचं झाडही तेच. एकीत तर बकरी बसलीय. निष्कर्ष : बाबा उदार होते. मोटार मागेल त्याला द्यायचे.

११ जानेवारी
दार्सोनोने खुलासा केला. सेकातेनच्या जत्रेत फोटोवाल्याकडे फळीवर रंगवलेली मोटार असे, मागे बाकडं. बसेल तो साहेब. विनार्सी हे वाचताना हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं.
म्हणजे आई त्या बाकड्यावर बसली होती. तरी मला सांगायची, याच मोटारीतून गेले.
असो. बसने गेले असतील. सुराबायाच्या बसही थोड्याच होत्या. शोध चालू.

२ फेब्रुवारी
काही नाही. फुलवालीला सांगून ठेवलं, यंदा दोन टोपल्या.

९ फेब्रुवारी
स्रागेनच्या कुणा मुर्यानीने फोटो टाकला. तीच फळी, स्टिअरिंगवर बाबा. शेजारी दुसरीच बाई, मागे तीन मुलं. खाली लिहिलंय : आमचे आजोबा. चटया विकायला सोलोला जायचे. त्र्याहत्तर साली घरीच वारले.
स्रागेन इथून बसने तासभर.
मी म्हटलं, हे बाबा नव्हेत, यांचे कान मोठे आहेत. विनार्सीने दोन्ही फोटो शेजारी ठेवले. कान तेवढेच निघाले. मग उलगडा झाला : हे नंतरचं लग्न. पहिली आईच. मुर्यानीला त्या लग्नाचं साल विचारायला सांगितलं.

१२ फेब्रुवारी. रुवाह लागला.
साल आलं. एकोणीसशे पस्तीस. माझा जन्म अडतीसचा.
बाबा आम्हाला सोडून कुठे गेले नव्हते. घरी परत गेले होते.
मुर्यानी चांगली आहे पोर. म्हणते, आजी, रविवारी आम्ही सगळे आजोबांच्या कबरीवर जातो, तुम्हीही या. पण तुम्ही त्यांच्या कोण?
विनार्सी फोनवर बोट धरून बसली होती. काय लिहू, इबू?
म्हटलं, लिही, कुणी नाही. आम्ही आपले जुन्या मोटारींचे फोटो टाकतो.