मनगटाला त्रास न देणारी दांडी

५ जानेवारी, रविवार. संध्याकाळ.
सावद्याला मेहुण्याच्या वावरात भरीत-पार्टी. भरीत उत्तम. निघताना लक्षात आलं, आमच्या लेकीच्या, दिपमालाच्या, गळ्यात मंगळसूत्र नाही. लग्नाला आठ महिने झालेत. सासूने, म्हणजे दोंडाईच्याच्या मंजुळाबाईंनी, स्वतःच्या गळ्यातलं काढून घातलेलं. बायकांनी अंधार पडेपर्यंत पऱ्हाट्यांच्या, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्यांच्या, कचऱ्यात शोधलं. पोरगी रडत होती. मी सर्वांसमक्ष जाहीर केलं : सासरी जाशील ती मंगळसूत्र घालूनच, तोवर तिकडे चकार शब्द नाही. पंधराला तिचं पहिल्या संक्रांतीचं हळदीकुंकू आहे. मेहुणा अभिमन म्हणाला, बाराला रोटाव्हेटर फिरणार, टरबूज लावायचंय. म्हटलं, मला दोन दिवस पुरेत.

६ जानेवारी
शेजारच्या मोतीलालकडून मेटल डिटेक्टर आणला. त्याने गुप्तधनाच्या नादात घेतला होता, सापडली बैलाची नाल. वावरात तासभर फिरवला. मनगट कामातून गेलं. सगळं वजन पुढे, दांडी काठीसारखी सरळ, क्लिप ढिली. दर दहा पावलांनी खालची तबकडी तोंड फिरवते. डिझाइन करणाऱ्याने हे यंत्र आयुष्यात हातात धरलेलं नाही. आयटीआयमध्ये तीस वर्षं टर्नर ट्रेड शिकवला. एखाद्या पोराने असला जॉब आणला असता तर वर्गाबाहेर उभा केला असता.
संकल्प : आधी हत्यार, मग काम.

७ जानेवारी
वावरात गेलो नाही. पीव्हीसी पाइप उभा चिरला, गरम करून वाकवला, कोपराला आर्मरेस्ट तयार. आत दिपमालाच्या योगा मॅटचा तुकडा. बॅटरीचा डबा कोपराच्या मागे नेला. बॅलन्स असा की दोन बोटांवर तोलतो. हॉलमध्ये ट्रायल घेतली. सोफ्याखाली एक स्क्रू सापडला. दिपमालाने विचारलं, उद्या जाऊ या का. घाईची कामं मला आवडत नाहीत, असं सांगितलं.

९ जानेवारी. सकाळी ११.
खरी गोम सापडली. तबकडी धरणारा खालचा तुकडा प्लास्टिकचा! झुलतो. काढून फेकला. त्या जागी अर्धा इंची लोखंडी जीआय पाइप, वर आटे पाडून लॉकनट. आता हलून दाखव म्हणावं. मोतीलाल म्हणाला, कंपनीने तेवढाच भाग प्लास्टिकचा ठेवलाय तो काहीतरी विचार करूनच ठेवला असेल. माणूस किराणा विकतो. फेकलेला तुकडा आमच्या सौ.ने, कुंदाने, उचलून कपाटात ठेवला. हिला भंगार जमवायची खोडच आहे.

१० जानेवारी
लोखंडामुळे जड झालं. दप्तराचा पट्टा लावून वजन खांद्यावर घेतलं. हात सुखी, मान आखडली. पट्टा रुंद करणे.
मंजुळाबाईंचा फोन, पोरगी कधी येते म्हणून. 'कव्हय येस वं दिपमाला?' हलव्याचे दागिने घरीच करत बसल्या आहेत म्हणे. कुंदाने सांगितलं, पोरीला ताप आहे. परवा पाहुण्यांचं कारण दिलं होतं, हे दुसरं खोटं. फोन ठेवून कुंदा माझ्याकडे अशी बघत राहिली, जणू मंगळसूत्र मीच गिळलं. मी काय झोपा काढतोय का? पाच दिवसांत हातावर तीन फोड आले आहेत. ते कोणाला दिसत नाहीत.

११ जानेवारी
यश! यंत्र सुरू करताच वाजलं. बांधावर वाजतं, चुलीच्या जागी वाजतं, कुठेही धरा, थांबतच नाही. फिटिंग पक्कं झाल्यामुळे ताकद वाढली, दुसरं काय. बत्तीस खड्डे खणले. हाती काही नाही. माल खोल असणार. मुख्य गोष्ट : सलग तीन तास फिरवलं, मनगटाची तक्रार नाही. कुंदा आणि दिपमाला ज्या कोपऱ्यात खुरपी घेऊन बसल्या होत्या, तिथून त्यांना उठवलं. सिग्नलमध्ये व्यत्यय नको.

१२ जानेवारी
अभिमनने खड्डे बघितले. टोपी काढली, परत घातली. उद्या दुपारपर्यंत मुदत दिली. ट्रॅक्टरवाला पुढे दुसरीकडे बांधलेला आहे म्हणे. नात्यापेक्षा टरबूज मोठं झालं. लक्षात ठेवीन.

१३ जानेवारी
सकाळ लॉकनट घट्ट करण्यात गेली. बारा वाजता रोटाव्हेटर फिरला. दिपमाला बांधावर उभी होती. तिला म्हटलं, आता माती भुसभुशीत झाली, उलट सोपं जाईल.

१४ जानेवारी. दुपारी ४.
पहाटेच्या बसने मायलेकी सावद्याला गेल्या. मला उठवलं नाही. माझा पाइप काढून ठेवला होता आणि कपाटातला प्लास्टिकचा तुकडा लावून यंत्र घेऊन गेल्या. सकाळी अकरा वाजता परत आल्या. अर्ध्या तासात मिळालं म्हणे. म्हणजे, एक वाटी मिळाली. चपटी झालेली. दुसरी नाही, मणी मातीत गेले. लिहून झालं की पान फाडावं असं वाटतंय, पण लिहितो : आधीचे आठ दिवस ते तिथेच अखंड पडलं होतं.
म्हटलं, वाटी सोनाराकडून सरळ करून आणतो, दोन दिवस थांब. ती म्हणाली, नको. काल संध्याकाळी तिने सासूला फोन करून सगळं सांगितलं होतं. मंजुळाबाई म्हणाल्या, 'इतलंच ना? हलवानं मंगळसूत्र करेल शे, तेच घाली ये.' म्हणजे हलव्याचं केलेलं आहे, तेच घालून ये. रागावल्या त्या एकाच गोष्टीवर, नऊ दिवस सांगितलं का नाही. का नाही, ते दिपमालाने त्यांना सांगितलं नाही. मला सांभाळून घेतलं.
स्टेशनवर सोडायला गेलो. तिची बॅग उचलायला वाकलो तर तिने ती पटकन स्वतःकडे ओढली. म्हणाली, राहू द्या नाना, मनगट दुखेल.
टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. ती खरंच काळजीने म्हणाली.