न विचारता कापलेला कोट

३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तीन दिवस तुझा फोन उचलला नाही म्हणून रुसू नकोस. समुपदेशक बाईंनी पथ्यच घातलंय. मी तुला आठवड्यात किती फोन करतो ते त्यांनी लिहून ठेवायला लावलं. एकवीस भरले! त्यातला एक तर निळा शर्ट घालू की पांढरा, यासाठी. चाळिशीला आलेल्या माणसाने! आता तुझ्याशी पत्रानेच बोलायचं, आणि पत्रातही ‘करू का?’ म्हणून विचारायचं नाही.

दुसरं पथ्य दुकानातलं. आठवड्यातून एक कापड कुणालाही न विचारता कापायचं. सोळा वर्षं कटर आहे मी, पण खडूने आखून झालं की मास्तरांना हाक मारल्याशिवाय कात्री चालवलेली नाही. परवा आखलं, कात्री उचलली, आणि पुन्हा खाली ठेवली. मास्तर चहाला गेले होते. ते येईपर्यंत मी टेबल पुसत बसलो.

बाई यावर रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी एवढंच विचारलं, की न विचारता कापलं आणि बिघडलं, तर काय होईल? रडू आलं गं.

भाऊजींना नमस्कार.
तुझा,
टिल्लू

१२ मार्च

चि. टिल्लूस,
अनेक आशीर्वाद.

एकवीसच? मला तर तीस वाटले होते. बरं झालं बाबा, शहाणा झालास. दुपारी जेवायच्या सुट्टीत फोन वाजत नाही, तर वॉर्डातल्या बाकीच्या नर्सेस मला विचारतात, भाऊ रागावलाय का म्हणून. मी कुठे तुला अडवते? तुला हवा तो शर्ट घाल. निळा घाल फक्त, पांढऱ्यावर रंगीत खडूचे डाग पडतात आणि तू तसाच बाहेर हिंडतोस. बघ, सांगितलंच पुन्हा.

आमच्या हॉस्पिटलातल्या एक्स-रेवाल्या बाई महिनाभर तुमच्या गावी लेकीकडे येताहेत. त्यांना कोट शिवायचाय, म्हणून मी तुमच्या दुकानाचा पत्ता दिला. नुसता पत्ता हं. बाई अगदी सरळ आहेत, कुणाचं खोटं कौतुक करायच्या नाहीत.

जेवणाची आबाळ करू नकोस.
तुझी,
ताई

९ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

ताई, कापला! तुझ्या एक्स-रेवाल्या बाईंचा कोट कुणालाही न विचारता कापला. काल त्यांनी आरशासमोर घालून पाहिला आणि सगळ्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, की इतका अंगासरसा कोट त्यांना जन्मात कुणी शिवून दिला नव्हता. मास्तरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. आज सकाळी त्यांनी शाळेच्या वाद्यवृंदाचे अकरा कोट माझ्या एकट्याच्या अंगावर टाकले, आणि वर म्हणाले, मला विचारायला येऊ नकोस.

त्या कोटावरूनच, मापं मुलांची घेऊन, पुठ्ठ्याचा नमुना केलाय. सोमवारपासून कापायला घेतो. मला आज स्वतःबद्दल बरं वाटतंय. हे वाक्य लिहितानाही इकडेतिकडे बघितलं, कुणी हसतंय का म्हणून.

तुझा,
टिल्लू

१५ एप्रिल

चि. टिल्लूस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र शेवटपर्यंत वाच, मग मला हवं ते बोल. मी नुसता पत्ता दिला नव्हता. कोट कसाही होवो, सगळ्यांसमोर तोंडभर कौतुक करा, अशी त्या बाईंना शपथ घातली होती.

काल त्या कोट घालून कामावर आल्या. मशीन खाली ओढायला हात वर केला, की सबंध कोट गळ्याशी येतो. मुंडा खोल गेलाय म्हणाल्या, बाही जोडतात तिथे. दुकानातच कळलं होतं, पण शपथ होती ना. आणि तुझी ती वाद्यं वाजवणारी पोरं हात वर केल्याशिवाय काय करणार? त्या नमुन्यावर कापू नकोस रे बाळा.

तीनदा फोन केला. तू उचलला नाहीस. पथ्य पाळतोयस म्हणून कौतुक करू की डोकं आपटून घेऊ? दुकानात फोन लावला, मास्तरांचा आवाज आला, आणि ठेवून दिला. त्यांना सांगितलं असतं तर तुझी तिथे काय पत राहिली असती? काहीही केलं तरी तुझंच नुकसान. आई गेली तेव्हा तू सहा वर्षांचा होतास. तुला पडू द्यायचं नाही, एवढंच मला येतं. दुसरं काही कुणी शिकवलंच नाही मला.

तुझी,
ताई

२७ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं तोवर सात कोट कापून झाले होते. खोल कापलेला मुंडा वर घेता येत नाही. मास्तरांना मीच सांगितलं. ते ओरडले नाहीत. यापुढे आखलं की मला दाखव, एवढंच म्हणाले. म्हणजे पुन्हा सोळा वर्षं मागे.

बिघडलं तर काय होईल, याचं उत्तर मला त्याच दिवशी मिळालं असतं. मुंडा ओढतोय, असं त्या एक्स-रेवाल्या बाई म्हणाल्या असत्या. मी शरमलो असतो, आणि त्यांना दुसरा कोट शिवून दिला असता. एका कोटावर भागलं असतं गं. तेवढंही तू मला करू दिलं नाहीस. काल एक गिऱ्हाईक पँट छान झाली म्हणालं, तर मी त्याला विचारलं, तुम्हाला माझ्या ताईने पाठवलंय का?

ताईचा राग येतो का, असं समुपदेशक बाईंनी विचारलं. मी नाही म्हणालो. मग बस स्टॉपवर आला, इतका की दोन बस सोडल्या.

कापड आता चारच कोटांचं उरलंय. आज त्यातला एक नव्याने आखला. मास्तर समोरच बसले होते. हाक मारली नाही. कात्री उचलली आणि कापला. गुरुवारी व्हायोलिन वाजवणारी मुलगी तो घालून बघायला येईल. कसा बसला ते मी तुला कळवणार नाही. विचारू नकोस, कुणाकडून काढूनही घेऊ नकोस.

लोभ आहेच. तो जरा आवरावा, ही विनंती.

तुझा,
टिल्लू