लंडनच्या साहेबासमोर मी काय बोलले

रोन्डा खोरं, वेल्स
१२ मार्च १९५४

माझ्या लाडक्या ग्लेनिसला,

आजीचे पोटभर मुके. गुडघा बरा आहे, कोंबडी पुन्हा अंडी घालायला लागली. लंडनच्या सरकारी कचेरीत तुझी निवड होत आली हे कळल्यापासून मी अख्ख्या गल्लीला सांगत सुटलेय. काम काय ते सांगायची मनाई आहे म्हणतेस. बरं बाई, नाही विचारत. शेजारची ब्लॉडवेन म्हणते, "राणीची भांडी घासायची असतील!" जळते मेली.

तर मंगळवारी तुझी चौकशी करायला एक साहेब आला होता. मऊ बोलणारा, बूट चकचकीत. तव्यावरचे मनुकांचे केक काय हाणले गं त्यानं! मग म्हणाला, "मॉर्गनबाई, घरचं वळण कसं?"

मला तेवढंच हवं होतं. म्हटलं, वळण विचारताय? अहो, हिचे आजोबा खाणकामगारांचे पुढारी, पक्के कम्युनिस्ट! मे दिनाला पोरीला खांद्यावर घेऊन लाल झेंड्यामागं निघायचे.

आपल्या खोऱ्यात हे सांगितलं की माणूस टोपी काढतो. ह्यानं पेन काढलं.

"आणि ग्लेनिसची मतंही आजोबांसारखीच?"

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. असल्या गुपिताच्या सरकारी कामाला कम्युनिस्टाच्या घरची पोर कोण घेतंय! केक वाढता वाढता तुझी नोकरी मीच बुडवत होते.

कसं सांगू तुला. "छे हो," म्हटलं, "दारुडा होता तो. घरात कुणी विचारत नव्हतं त्याला. पोरगी तर घाबरायची."

ग्लेनिस, उभ्या जन्मात त्यांनी थेंबाला हात लावला नाही. धुळीनं छाती भरली होती, तरी तुला गोष्ट सांगितल्याशिवाय झोपायचे नाहीत. आणि मी परक्यासमोर त्यांना अरे-तुरे केलं. साहेबाचा चेहरा मात्र खुलला. "बरं झालं सांगितलंत," म्हणाला. "हेच आता ग्लेनिसलाही विचारू."

माझ्यासारखंच बोललीस तर नोकरी तुझी. खरं बोललीस तर मी खोटी ठरेन, आणि नोकरीही जाईल बहुतेक. देवाशपथ सांगते, कुणीतरी मला खोटी ठरवावं असंच वाटतंय. पण पोट तुझं, आयुष्य तुझं. एवढंसुद्धा म्हणायला मला तोंड नाही.

तुझी आजी,
आणि वर बसून त्यांनी मला टाकलं नसेल, तर इद्रिसची बायको,
ओल्वेन