चाळीस सेकंदांचा लाइफगार्ड

सोमवार, २ मार्च
नवी वही, नवं पेन. प्रशिक्षण आजपासून, चार आठवडे. एकच छोटी बातमी पेपरला, रेडिओला, व्हिडिओला आणि फोनला कशी द्यायची ते शिकवणार. आम्ही सहा जण. प्रूफ, क्रीडा आणि हवामान, म्हणजे सप्टेंबरात बंद केलेल्या विभागांतला उरलासुरला माल. पास झाला त्याला नव्या डेस्कवर जागा, नापास झाला त्याला ३१ मार्चला रामराम. पत्रात स्पष्ट लिहिलंय. पत्रात दोन स्वल्पविराम चुकलेत, ते लाल शाईने दुरुस्त करून परत पाठवले.

मला काळजी नाही. सव्वीस वर्षं प्रूफमध्ये दुसऱ्यांच्या बातम्या तपासतोय. क्रीडावाला म्हणाला, नुसतं चाखून कोणी आचारी होत नाही. त्याचा स्वभाव पहिल्यापासूनच कडवट.

घरी सांगितलंय की हे प्रमोशनचं ट्रेनिंग आहे. एका अर्थी आहेच. हिने लगेच परगावी मुलीला फोन लावला. दोघी खूप वेळ बोलत होत्या. मला काही वाटलं नाही.

मंगळवार, ३ मार्च
शिकवायला एक मॅडम आहेत. वय तिशीच्या आतलं. म्हणाल्या, बातमी लहान करणं म्हणजे शब्द उडवणं नव्हे, काय महत्त्वाचं ते ठरवणं. लिहून घेतलं. त्यांच्या स्लाइडवरची चूक दाखवली, तर थँक्यू म्हणाल्या. दुसरी दाखवली, तेव्हा काहीच म्हणाल्या नाहीत. माणूस प्रभावित झाला की गप्प होतो.

संकल्प: रोज पहाटे साडेपाचला उठून एक बातमी चाळीस सेकंदांत मोठ्याने वाचायची. उद्यापासून.

गुरुवार, ५ मार्च
काल उठायचं राहिलं. आजही. गजर फार हळू वाजतो.

गोदामाला आग लागल्याची तीनशे शब्दांची बातमी दिली, नव्वदात बसवा म्हणाल्या. माझी तीनशे बारा झाली. मूळ मजकुरात दोन ठिकाणी अर्थ अपुरा होता, तो भरावा लागला. फोनचा अलर्ट बारा शब्दांत हवा होता, माझा एकसष्ट. क्रीडावाल्याने विचारलं, तुझा फोन केवढा आहे रे?

आग विझली की नाही हे मात्र माझ्या बातमीत राहून गेलं. तेवढंच नेमकं मॅडमच्या नजरेत आलं.

सोमवार, ९ मार्च
रेडिओ. लिहिलेलं वाचून दाखवायचं. प्रत्येक स्वल्पविरामाला थांबलो, कारण तो त्यासाठीच असतो. चाळीस सेकंदांची दोन मिनिटं दहा सेकंद झाली. मॅडम म्हणाल्या, आवाज चांगला आहे. पुढे 'पण' म्हणून बरंच काही बोलल्या, ते लिहून घ्यायचं राहिलं.

घरी येऊन सांगितलं, आवाजाचं कौतुक झालं. ही म्हणाली, चांगला आहे तर मग घरात का वापरत नाही? विनोद असावा.

बुधवार, ११ मार्च
प्रत्येकाला एक रेकॉर्डर मिळाला. बटण एक, दिवा एक. त्यावर मॅडम वीस मिनिटं बोलल्या. मी तेवढ्यात सोबतचं माहितीपत्रक तपासून घेतलं. सतरा चुका.

होमवर्क म्हणून कोणाची तरी मुलाखत. हिचीच घेतली. ही दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर बसते. छान बोलली. म्हणे दात काढायच्या आधी घाबरलेली माणसं तिला घरातलं सगळं सांगून टाकतात. सुना, सासवा, नोकऱ्या, काय वाटेल ते. ती नुसती ऐकते. लोकांना तेवढंच पुरतं म्हणाली. ती तिथे अकरा वर्षं आहे. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. विचारलं नव्हतं, म्हणून.

गुरुवार, १२ मार्च
मुलाखत गायब. मशीनमध्ये निघाली एकोणीस मिनिटांची किल्ल्यांची खुळखुळ, जिना उतरणं आणि मी स्वतःशी पुटपुटणं. मशीन सदोष.

मॅडमचं म्हणणं वेगळं. बटण पहिल्यांदा दाबलं की लाल दिवा लुकलुकतो, तेव्हा मशीन नुसतं तयार असतं. दुसऱ्यांदा दाबलं की दिवा स्थिर होतो, रेकॉर्डिंग तेव्हा सुरू होतं. मी सुरू करायला एकदा दाबलं आणि बंद करायला दुसऱ्यांदा, त्यामुळे बोलणं गेलं आणि खिसा आला. नाचता येईना अंगण वाकडं, असं क्रीडावाला मागून म्हणाला. मी मान डोलावली. त्या बोलत होत्या तोवर स्टोअरवाल्याकडून दुसरं मशीन कसं मिळवायचं याचा विचार केला. मिळवलंही. प्रश्न मिटला.

हिने विचारलं, माझी मुलाखत ऐकवा ना. म्हटलं, ऑफिसात जमा करावी लागली. तिला वाईट वाटलेलं दिसलं.

मंगळवार, १७ मार्च
व्हिडिओ. हिने आठवणीने नवा निळा शर्ट आणला, इस्त्री करून दिला. फोन उभा धरायचा असतो. मी आडवा धरला होता, लक्षात आलं तेव्हा बोलता बोलताच उभा केला. निम्मी बातमी सरळ आहे, निम्मी आडवी. बघणाऱ्याने मान वाकडी केली की सगळं दिसतं.

मॅडम म्हणाल्या, शर्ट चांगला आहे.

गुरुवार, १९ मार्च
शेवटचं काम मिळालं. स्वतः शोधलेली एक बातमी चारही माध्यमांत. त्यावर पास-नापास ठरणार.

माझ्याकडे अशी बातमी आहे की बाकीच्यांनी बघत राहावं. ऑफिसच्या मागे सार्वजनिक तरण तलाव आहे. तळाला तडा गेला म्हणून अकरा महिने कोरडा ठणठणीत. पण तिथला लाइफगार्ड रोज सकाळी दहाला येतो, सही करतो, उंच खुर्चीवर चढून बसतो आणि सहाला उतरतो. त्याला कोणी सांगितलंच नाही की येऊ नको. मी रोज बघतो. सप्टेंबरपासून ऑफिसात माझं टेबल नाही, त्यामुळे दुपारचा डबा तिथल्या बाकावरच खातो.

संकल्प: उद्याच मुलाखत.

सोमवार, २३ मार्च
मुलाखत आज घेतली. फर्स्ट क्लास. लाइफगार्ड पन्नाशीचा, गळ्यात शिटी, पायांत स्लिपर. एकोणीस वर्षांत एकदाही कोणाला वाचवायला उडी मारली नाही, आणि त्याचा त्याला अभिमान आहे. म्हणे, मी कोणाला तेवढं लांब जाऊच देत नाही. रिकाम्या तलावावर कशाला बसता विचारलं, तर म्हणाला, आणि उद्या पाणी सोडलं तर? मॅडमनी सांगितलं होतं की एक वाक्य पुरे असतं. हेच ते. सोनं आहे.

अकरा मिनिटं बोलला. लाल दिवा पूर्ण वेळ लुकलुकत होता, मशीन ठणठणीत. झाल्यावर आठवणीने बटण दाबून बंद केलं, बाकावर ठेवलं आणि डबा उघडला. तोही खाली येऊन बसला. इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या. अर्धा तास गेला ते कळलं नाही. एवढा वेळ मी कोणाशी बोललो त्याला बरेच महिने झाले असतील.

बुधवार, २५ मार्च
पेपरची बातमी एकशे वीस शब्दांत बसली. अलर्ट सोळा शब्दांत. हात बसला म्हणतात तो असा. मुलाखत अजून ऐकली नाही, गरजच काय, मी तिथेच तर होतो. फाइल तशीच जमा केली.

नव्या डेस्कची खोली बघून आलो. खिडकीजवळची खुर्ची घेईन. हिने विचारलं, नवं पद काय म्हणायचं? म्हटलं, मल्टिमीडिया संपादक. तिने दवाखान्यात डॉक्टरांना सांगितलंसुद्धा. डॉक्टरांनी अभिनंदन कळवलंय.

शुक्रवार, २७ मार्च
सगळ्यांसमोर फायली ऐकवल्या. माझी चौथी.

मुलाखत नव्हती. आधी डब्याचं झाकण वाजलं. मग लाइफगार्डने विचारलं, साहेब, तुम्ही रोज इथेच का जेवता? आणि मग माझा आवाज. खरंच चांगला आहे. तो सांगत होता की नोकरी जवळपास गेलीय आणि घरी सांगितलेलं नाही, बायकोला वाटतं प्रमोशन आहे. की मला काही वाटतच नाही हो, विभाग बंद झाला त्या दिवशी सगळे रडले आणि मी डबा संपवला. की बायको फार चांगली आहे, तिला कळलं तर ती एक शब्द बोलणार नाही, आणि तेच मला सोसणार नाही.

त्यावर लाइफगार्ड म्हणाला की बुडणारा माणूस ओरडत नाही. ओरडायला हवा लागते, ती त्याच्याकडे नसते. लांबून बघणाऱ्याला वाटतं, मजेत उभा आहे. मी विचारलं, मी बुडतोय का? तो म्हणाला, आधी डबा संपवा.

मॅडमनी मध्येच बंद करायला हवं होतं, पण त्यांचा हात बटणावर तसाच राहिला. कोणी हसलं नाही. क्रीडावाला खिडकीबाहेर बघत होता. बाहेर काही नव्हतं. मला वाटलं होतं मला काहीतरी वाटेल. कान गरम झाले, बस.

नंतर मॅडमनी बाजूला बोलावलं. मुलाखतच नाही, त्यामुळे पास करता येत नाही, वाईट वाटतं म्हणाल्या. मग विचारलं, यातले चाळीस सेकंद उद्या सकाळच्या रेडिओला घेतले तर चालतील का, नाव येणार नाही, काम सुटलेल्या लोकांवरचा कार्यक्रम आहे. लाइफगार्डचं ते बुडण्याचं वाक्य त्यांना आवडलं असणार. अवश्य म्हटलं. संमतीपत्र एक पानाचं होतं. चार चुका काढल्या आणि सही केली. मजकूर काय होता आठवत नाही. चुका शोधताना मजकूर वाचायचा नसतो, नाहीतर माणूस गुंततो आणि चुका सुटतात.

सहा जणांत प्रसारित होणारा मी एकटा. तेव्हा नापास वगैरे तांत्रिक आहे. एकदा लोकांनी ऐकलं की ऑफिसवालेच बोलवायला येतील.

घरी सांगितलं, उद्या आठ वाजून दहा मिनिटांनी माझी बातमी आहे. ही म्हणाली, मुलीलाही ऐकायला सांगते.

शनिवार, २८ मार्च
सकाळी आठपासून रेडिओसमोर. हिने दवाखान्यात उशिरा येते म्हणून कळवलं होतं. दोन खुर्च्या मांडल्या. आवाज मीच वाढवला. चहा मध्येच नको म्हणून आधीच घेतला.

आठ दहा. लाइफगार्ड कुठेच नव्हता. पूर्ण चाळीस सेकंद मीच. झाकणाचा आवाज, नोकरी, प्रमोशन, डबा, बायको फार चांगली आहे, ती एक शब्द बोलणार नाही. फार नेटकं कापलं होतं. एक शब्द जास्त नाही, एक कमी नाही. चार आठवड्यांत मला जमलं नाही ते.

हिने रेडिओ बंद केला. एक शब्द बोलली नाही. मी म्हटलं होतं अगदी तसंच. कप उचलले, विसळले, पुसले, जागेवर ठेवले. मग तेच कप पुन्हा काढून विसळले. मी खुर्चीवर बसून बघत होतो. ते मला खरंच सोसलं नाही. छातीत दुखल्यासारखं झालं, पण दुखणं नव्हतं. लाज असावी. सप्टेंबरनंतर पहिल्यांदाच काही वाटलं, आणि ते हे.

तेवढ्यात मुलीचा फोन. हिने घेतला. आई, तो बाबांचा आवाज होता का, असं तिने विचारलं असावं. कारण ही म्हणाली, छे गं, तो कोणीतरी दुसरा, आवाज सारखा वाटतो एवढंच. बाबांची बातमी आज घेतलीच नाही, पुढे ढकलली. आणि हो, प्रमोशनचं नक्की झालंय, सोमवारी पत्र मिळेल. सरळ, न अडखळता. ही खोटं बोलू शकते हे मला माहीत नव्हतं. मुलीला पटलं, किंवा तिने पटवून घेतलं.

मग हिने फोन माझ्याकडे दिला आणि समोर उभी राहिली. मी काय बोलणार याची वाट बघत. मीही वाट बघत होतो.

मुलगी म्हणाली, बाबा, अभिनंदन.

मी थँक्यू म्हटलं.

हिने पर्स उचलली आणि दवाखान्यात निघून गेली. जाताना दार हळूच लावलं. मुलीला सगळं खरं खरं सांगायचं ठरवलंय. उद्या रविवार आहे, ती घरीच असते.